बेळगावची पालिओ कोइमतूरला जाते

बेळगावच्या माणसाला यंत्राचे वेड लागले तर त्यात नवल करण्यासारखे काही नाही. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान काढले ते याच गावात. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर घडविण्यास त्यांनी आरंभ केला तोही येथेच. पुढे १९१० साली ते कुंडलच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी वसली. परंतु लोखंडाशी जडलेले बेळगावचे नाते काही तुटले नाही. आजही सकाळी उद्यमबागेत शिरावे, तर एका बाजूस भट्टीतला रस साच्यात ओतला जात असतो आणि दुसऱ्या बाजूस कुणीतरी लेथवर वाकून बसलेला असतो. अशा या गावातून २०२४ च्या जानेवारीत आम्ही एक एकवीस वर्षांची मोटार घेऊन कोइमतूरला निघालो, तेव्हा शेजाऱ्यांनी साहजिकच विचारले, "एवढ्या लांब कशाला?" तिथल्या शर्यतीच्या धावमार्गावर ती फिरवून आणायची आहे, हे उत्तर ऐकून त्यांची चिंता कमी होण्याऐवजी वाढली.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची. २००२ च्या दसऱ्याला दादांनी ती घेतली. फियाट पालिओ, १.६ लिटर, सोळा व्हॉल्व्हचे इंजिन आणि सुमारे शंभर अश्वशक्ती. त्या काळच्या लहान गाड्या पन्नास-साठ अश्वशक्तीवर समाधान मानीत. त्यांत ही म्हणजे टांग्यांच्या रांगेत उभे केलेले अरबी घोडेच. तिचे नावही घोड्यांच्या शर्यतीवरूनच पडलेले. इटलीतल्या सिएना गावच्या चौकात दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला 'पालिओ' नावाची शर्यत होते आणि खोगिराशिवाय घोड्यावर बसलेले स्वार चौकाला तीन फेऱ्या घालतात. आमची गाडी मात्र जन्माने महाराष्ट्रीय. शेठ वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापली. तिच्या कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी बाहेर पडल्या, तिथेच आरंभीच्या पालिओही जुळविल्या गेल्या. सचिन तेंडुलकरने तिची जाहिरात केली होती, हे वाचकांना आठवत असेल. पेट्रोल मात्र ती असे पिई की, दादा पंपावर गाडी उभी करताना देवाचे नाव घेत.

२०१९ च्या अखेरीस दादा गेले. गाडी वहिनींच्या नावावर झाली आणि मागल्या अंगणातल्या पत्र्याच्या छपराखाली उभी राहिली. बेळगावचा पाऊस कसा असतो ते आम्ही काय सांगावे! तीन पावसाळे तिने तिथे काढले. खाजगी मोटारीची नोंदणी पहिली पंधरा वर्षे चालते व नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घ्यावी लागते. २०१७ साली दादांनी ती वाढवून घेतलीच होती. २०२२ मध्ये ती मुदतही संपली. भंगारवाला येऊन वजनावर भाव सांगून गेला. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या रात्री पुतण्या आमच्याकडे येऊन म्हणाला, "काका, मी हिला पुन्हा उभी करतो. पण नुसती बाजारात जाण्यापुरती नाही. बाबांना हिला एकदा तरी ट्रॅकवर न्यायचं होतं."

आम्ही सारे आयुष्य हिशेब तपासण्यात घालविलेले. पान्याशी आमची ओळख बेताची. तरीही छपराखाली एक दिवा लटकला आणि रविवारमागून रविवार तिथे जाऊ लागले.

तीन वर्षे उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवून सुरू करू नये, हा पहिला धडा. टाकीतले शिळे पेट्रोल काढले. प्लग काढून सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडले आणि दोन दिवसांनी इंजिन पान्याने हातानेच फिरवून पाहिले. ते फिरले तेव्हा पुतण्याने आमच्याकडे पाहिले ते डोळ्यांत पाणी आणून. मग आतले गालिचे उचलले. चालकाच्या पायांखालचा पत्रा आणि बॅटरीखालची बैठक गंजून चाळणी झाली होती. वायरींवर उंदरांनी दात साफ केले होते. कुजलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढणे आणि नवा तुकडा जोडणे, यात दोन महिने गेले. गंजावर नुसता रंग फासला तर गंज आतून चालूच राहतो, ही गोष्ट आम्हांला पुस्तकात वाचून पटली नसती. कापलेला तुकडा हातात चुरा होऊन आला तेव्हा पटली.

इंजिनाचे हेड उद्यमबागेत नेले. तिथल्या कारागिराने त्यावर पोलादी पट्टी आडवी-उभी धरली, खालून फिलर गेजची पाती सरकवून पाहिली आणि म्हणाला, "जरा वाकलंय. घासून सरळ करू." व्हॉल्व्ह बसविले, टायमिंगचा पट्टा आणि त्याच पट्ट्यावर फिरणारा पाण्याचा पंप दोन्ही नवे घातले. हा पट्टा रबराचा असतो आणि वयानुसार चिरतो. चालत्या इंजिनात तो तुटला तर उघडे राहिलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात व सारी कमाई एका क्षणात भंगार होते. तिथे काटकसर करायची नाही, हे आम्हीच पुतण्याला बजावले होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे.

सुटे भाग मिळविणे हा एक निराळाच प्रवास. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, त्या सुमारास फियाटच्या गाड्या आपल्या बाजारातून गेल्या. तेव्हा रात्रीच्या बसने मुंबई गाठून आम्ही दोघे कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर जुन्या भागांच्या दुकानांतून हिंडलो. गाडी जन्मली त्याच उपनगरात तिचे अवयव शोधीत होतो! चाकांचे टेकू, काच वरखाली करण्याची यंत्रणा, दिव्याची एक काच एवढे ऐवज पोत्यात भरून परतलो.

टायर वरून नवेकोरे दिसत होते. पण टायरच्या अंगावर एका लंबवर्तुळात चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३११ होते, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. रबर खडखडीत झाले होते. चारही बदलले. पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या तबकड्या आणि पॅड नवे आणले, लवचिक नळ्या बदलल्या. ब्रेकचे तेल भरायच्या वेळी पुतण्या म्हणाला, "काका, नवा डबा आणू या का?" कपाटात निम्मा भरलेला डबा होता, दीड-दोन वर्षांपूर्वी उघडलेला. तेल स्वच्छ दिसत होते. आम्ही म्हणालो, "चांगलं आहे की. वाया कशाला घालवायचं?" पुतण्याने मान डोलावली.

२०२३ च्या पावसाळ्याआधी गाडी तपासणीत उत्तीर्ण झाली. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी तिला तिसऱ्या रेल्वे फाटकापर्यंत फिरवून आणली आणि उतरता उतरता म्हणाले, "इंजान पळतंय हो घोड्यागत. खरं थांबायचं कसं, ते बघा आधी." आम्ही हसलो.

वहिनींनी कोइमतूरला जाण्यास संमती दिली ती एका अटीवर. "तुम्ही सोबत जाणार असाल तरच, भावजी. आणि मागची बैठक कुठे टाकून येऊ नका. आई तिच्यावर बसून पंढरपूरला गेल्या होत्या." वजन कमी करण्यासाठी बैठक काढण्याचा पुतण्याचा विचार होता. तोड अशी निघाली की, बैठक गाडीतच न्यायची, ट्रॅकवर उतरताना तेवढी काढायची आणि संध्याकाळी परत बसवायची.

पहाटे चारला निघालो. धारवाड-हुबळी मागे पडून हावेरीच्या पुढे उजाडले. दावणगेऱ्याहून हमरस्ता सोडून आम्ही चन्नगिरीच्या बाजूस वळलो, कारण होदिगेरे टाळून पुढे जाणे बरे वाटेना. १६६४ च्या जानेवारीत शहाजीराजे याच परिसरात शिकारीला गेले असता घोड्यावरून पडून वारले. त्यांची समाधी साधी, दगडी आहे, भोवती शेते. ज्या पुरुषाने निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तिन्ही दरबारांत तलवार गाजविली, बंगळूरची जहागीर सांभाळली, त्याचा अंत रणात नव्हे, दौडत्या घोड्यावरून पडून व्हावा! पुतण्या बराच वेळ नुसता उभा होता. गाडीत बसल्यावर त्याने पट्टा लावला आणि आमचाही नीट लागला आहे की नाही ते ओढून पाहिले.

बंगळूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी होसूर, कृष्णगिरी, धर्मपुरी या मार्गाने उतरलो. धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट लागतो. उतार लांबलचक, अवजड गाड्यांचे ब्रेक तापून इथे अनेक अपघात झाले आहेत. पुतण्याने गिअर खाली ठेवून गाडी सावकाश उतरविली. हमरस्त्यावर वेगाची हौस फेडणाऱ्या तरुणांविषयी वर्तमानपत्रांत आपण रोज वाचतो. तिथे समोरून ट्रॅक्टर येतो, कडेने शाळेची मुले चालतात. ट्रॅकवर यांतले काही नसते, म्हणून ज्याला वेग हवा त्याने तिथे जावे, एवढे पुतण्याचे म्हणणे आम्हांला त्या घाटात पुरते पटले.

कोइमतूर हे आपल्या उद्यमबागेचेच थोरले भावंड म्हणावे. १९३० नंतरच्या दशकात निलगिरीतल्या पायकाऱ्याची वीज आली, कापडगिरण्या वाढल्या, गिरण्यांच्या पाठोपाठ ओतशाळा, मोटारी आणि पाण्याचे पंप आले. आपल्या स्वयंपाकघरात इडलीचे पीठ वाटणारा ओला ग्राइंडर बहुधा इथलाच. जी. डी. नायडू (१८९३-१९७४) या विलक्षण गृहस्थाने एका बसपासून धंदा आरंभून येथे कारखाने उभे केले. त्यांच्या नावाचे जुन्या मोटारींचे संग्रहालय अविनाशी रोडवर आहे. मोटारींच्या शर्यतींचे वेडही इथलेच. एस. करिवर्धन या गिरणीमालक घराण्यातल्या गृहस्थाने मारुती ८०० चे इंजिन बसवून एका आसनाच्या शर्यतीच्या गाड्या तयार केल्या, आणि बेताच्या पैशात शर्यत शिकण्याची सोय देशातल्या तरुणांस झाली. १९९५ मध्ये ते विमान अपघातात गेले. चेट्टिपाळयमचा २.१ किलोमीटरचा 'करी मोटर स्पीडवे' त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याच कोइमतूरचा.

उतरलो होतो एका गलाई व्यावसायिकाच्या घरी. सांगली जिल्ह्यातल्या विटे, खानापूर, आटपाडी या दुष्काळी भागातली मंडळी सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पसरली आहेत; दक्षिणेत ज्या शहरात सराफकट्टा असेल तिथे एखादे तरी मराठी घर असतेच. आमच्या शेजाऱ्यांचे हे नातलग. मुले रस्त्यावर तमिळ बोलत होती आणि उंबरा ओलांडताच "आजी, भूक" म्हणत होती. रात्री पिठले-भाकरी झाली. आपल्यासारखीच मुलूख सोडून राहिलेली, आणि भाषा मात्र गाठीला बांधून ठेवलेली ही माणसे पाहून परके गाव परके वाटेना.

शनिवारी सकाळी सातला धावमार्गावर पोहोचलो. भोवती नारळीच्या बागा, आणि पालघाटच्या खिंडीतून येणारा वारा. 'ट्रॅक डे' म्हणजे शर्यत नव्हे. नंबर नाही, बक्षीस नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या करून आपापली गाडी चालवायची. आरंभी तपासणी होते. बॅटरी घट्ट आहे का, तेल गळते का, टायरचे रबर, ब्रेकचा पेडल, ओढण्याचा हूक, चालकाचे हेल्मेट. गाडीत सुटी वस्तू एकही चालत नाही. जादा चाक, जॅक, चटया, बैठक असे सारे उतरविले. तपासनिसाने शेवटी डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे बोट दाखविले. दादांनी चिकटविलेला, उन्हाने चिकटपट्टी सैल झाली होती. पुतण्याने मूर्ती सोडवून आमच्या हातात दिली आणि आम्ही ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. निशाणांचा अर्थ समजावून देण्यात आला: पिवळे दिसले की पुढे धोका, कुणाला ओलांडायचे नाही, निळे म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, लाल म्हणजे पाळी थांबली, चौकटीचे म्हणजे संपली. नेहमीचा मोटारविमा अशा ठिकाणच्या नुकसानीस लागू होत नाही, हेही लेखी घेतले.

पहिल्या दोन पाळ्या डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या झाल्या. अंगणात खोकणारी ती गाडी सरळ पट्ट्यावर अशी काही गात येई की, भिंतीशी उभे राहून आम्ही, साठी उलटलेला माणूस, हात वर करून ओरडलो. दादांची आठवण झाली, ती मात्र कुणाला सांगितली नाही.

तिसऱ्या पाळीत चौथ्या फेरीला गाडी सरळ पट्ट्याच्या टोकाशी आली आणि वळली नाही. ब्रेकचा दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. गाडी डांबर सोडून मातीत शिरली आणि धुळीचा लोट उठला. लाल निशाण पडले. त्या धुळीकडे पाहताना आमचा हात खिशातल्या रुमालावर होता, एवढेच स्मरते.

धूळ बसली तेव्हा गाडी उभी होती, सरळ. पुतण्या दार उघडून बाहेर आला. पेडल एकाएकी तळाला गेला होता. त्याने दोनदा दाबून पाहिला, गिअर खाली ओढले आणि चाक सरळ धरून तिला मातीत जाऊ दिले. वळविण्याचा हट्ट धरला असता तर ती उलटली असती, असे तिथल्या एका जाणत्या चालकाने सांगितले. त्यानेच विचारले, "ब्रेकचं तेल कधीचं?"

कारण साधे होते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते. डॉट-४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शिरला की तीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. गावात चालविताना हा फरक कधीच कळणार नाही. ट्रॅकवर दर मिनिटाला अनेकदा करकचून ब्रेक लागतो, तबकड्या तापतात, तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. आणि तेल दबत नसले तरी वाफ दबते. पाय दाबतो, चाकाला पत्ता नाही. पट्ट्यावर, टायरवर, हेडवर आम्ही हजारो रुपये खर्चिले होते, आणि काही शे रुपयांचा डबा वाचविला होता.

"काका, तुमची चूक नाही. मीच आणायला हवा होता," पुतण्या म्हणाला. आम्हांला त्याला उत्तर देता आले नाही.

त्या संध्याकाळी गलाईवाल्यांच्या अंगणात सीलबंद डबा फोडला. आम्ही पेडलवर पाय ठेवून बसलो आणि तो चाकाखाली आडवा. "दाबा... धरा... सोडा." एकेका चाकातून जुने तेल निघून नवे येईतो आम्ही शंभरदा तरी पेडल दाबला असेल. ज्या पायाने आयुष्यात कधी ब्रेक तपासला नव्हता त्याला ते प्रायश्चित्त बरेच होते. मागची बैठक बसविली, मगच जेवलो.

रविवारी पुतण्या फक्त दोन पाळ्या गेला. प्रत्येक पाळीची शेवटची फेरी ब्रेक न लावता सावकाश, तबकड्या निवण्यासाठी. आणि उभी करताना हातब्रेक न ओढता, गिअरमध्ये टाकून, चाकाखाली दगड लावून. शेवटच्या पाळीस पाहुण्याला नेण्याची मुभा होती. हेल्मेट घालून आम्ही शेजारी बसलो. सरळ पट्ट्याच्या त्याच टोकाशी त्याने ब्रेक दाबला, तेव्हा गाडी जमिनीला धरून बसली आणि पट्ट्याने आमची छाती आवळली. आदल्या दिवशी ज्या मातीत चाकांचे चर पडले होते ती उजव्या हाताला निघून गेली.

परतीच्या वाटेवर चित्रदुर्गाच्या आसपास आम्ही पुतण्याला म्हणालो, "आईला मी सांगतो." तो म्हणाला, "सांगायलाच हवं का?" गाडी वहिनींच्या नावावर होती, मुलगा त्यांचा होता आणि सोबत जाण्याची जबाबदारी आम्ही घेतली होती. सांगायलाच हवे होते.

गणपती पुन्हा डॅशबोर्डवर, या वेळी स्क्रूने, बसविला जात असताना आम्ही वहिनींना सारे सांगितले. डबा, तेल, माती, सारे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला तर महिन्यात बुरशी येते, भावजी. म्हणून मी प्रत्येक बरणीवर तारीख घालते. तुम्ही एवढे हिशेबी. त्या डब्यावर घातली नव्हती?"

नव्हती. त्यांनी स्वतः छपराखाली जाऊन तो निम्मा डबा बाहेर काढला. आता तिथल्या प्रत्येक डब्यावर, बाटलीवर आणि नळकांड्यावर पांढरा कागद चिकटविलेला आहे, आणि त्यावर उघडल्याची तारीख वहिनींच्या अक्षरात आहे.